शनिवारी धुळे, रविवारी जळगाव

फारकतीनंतर मुलांच्या भेटीचा जो आदेश निघतो त्यात वार असतो, वेळ असते, ठिकाण असतं. पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी मुलीला वडिलांकडे सोपवायचं, रविवारी संध्याकाळी आईकडे परत आणायचं, दिवाळीची निम्मी सुटी इकडे आणि निम्मी तिकडे. त्या दीड दिवसात मुलीच्या डोळ्यांसमोर काय यावं आणि काय येऊ नये, याबद्दल बहुतेक आदेशांत एक ओळही नसते.

अशाच एका घराबद्दल दोन माणसांचं झालेलं बोलणं इथे देतो आहे. दोघं सख्खी भावंडं. बहीण जळगावला वकिली करते, तिच्याकडे कौटुंबिक दावेच जास्त. भाऊ वयाने बराच मोठा, धुळे जिल्ह्यातल्या शाळेत आयुष्य घालवून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला. ज्या मुलीचा प्रश्न आहे तिची आई दोघांच्या नात्यातली, त्यामुळे प्रकरण दोघांनाही आतून ठाऊक आहे. नावं देत नाही आणि ओळखीच्या खुणा गाळल्या आहेत. आपल्या खानदेशात कुठलंही माणूस दोन ओळखींच्या पलीकडे नसतं, आणि ती मुलगी उद्याही आपल्या शाळेत जाणार आहे.

मुलगी अकरा वर्षांची. आई जळगावला, वडील धुळ्याला. महामार्गावर पारोळा दोघांच्याही सोयीचं, म्हणून पारोळ्याच्या बस स्थानकावर ती एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते. वडिलांनी तिला आपला जुना मोबाइल दिला. परत आल्यावर आईने तो उघडून पाहिला आणि त्याच रात्री वकिलीणबाईंना फोन केला.

बहीण : दादा, अर्ज तयार आहे. भेटी तूर्त थांबवाव्यात, पुढच्या भेटी न्यायालयाच्या आवारात समुपदेशकासमोर व्हाव्यात, अशी मागणी आहे. फोनमध्ये काय निघालं ते तुला माहीत आहे.

भाऊ : माहीत आहे. त्याच्या मित्रांच्या ग्रुपवर जी घाण फिरते ती आपोआप गॅलरीत उतरत होती, आणि फोन पोरीला देताना त्याने पुसली नाही. मी त्याची बाजू घेत नाही. पण मुद्दाम दाखवणं वेगळं आणि हलगर्जीपणाने राहून जाणं वेगळं.

बहीण : पाहणाऱ्या पोरीला त्याने काय फरक पडतो?

भाऊ : फार पडतो. ‘पप्पांच्या फोनमध्ये काहीतरी वाईट होतं’ हे तिला गिळता येईल. ‘पप्पांनी मला ते दाखवलं’ हे नाही गिळता येणार. तुझ्या अर्जात दुसरं वाक्य लिहिलेलं आहे, आणि ती काही तसं म्हणालेली नाही.

बहीण : बरं, ते वाक्य बदलते. पण कायदा तुझ्यासारखा दम धरत नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा कायदा. लैंगिक हेतूने मुलाला कुठल्याही माध्यमात अश्लील काही दाखवलं तर तो कलम ११ खाली लैंगिक छळ होतो आणि कलम १२ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होते. बाप असला म्हणून सूट नाही. शिवाय कलम ३० आहे. हेतू होता असं न्यायालय गृहीत धरतं, नव्हता हे आरोपीने सिद्ध करायचं.

भाऊ : म्हणजे ग्रुपवरचा व्हिडिओ पुसायचा राहिला म्हणून उद्या पोलीस त्याच्या दारात?

बहीण : मी तसं म्हणत नाही. पण तू ‘समजावून सांगू’ म्हणतोस ना, त्याला मी घाबरते. समजावण्यात सहा महिने जातात. आणि ज्यांचा हेतू खरोखर वाईट असतो ते पहिल्यांदा असंच करतात. फोनमध्ये काहीतरी ‘चुकून’ राहतं, मग मूल काय करतं ते पाहतात, मग ‘आईला सांगू नकोस’ येतं. हे शेवटचं वाक्य आलं की माझ्याकडे चर्चेला जागा नसते.

भाऊ : तिथे मीही थांबणार नाही. बापाने पोरीला असलं काही दाखवून ‘आपल्या दोघांत राहू दे’ म्हटलं, तर मी स्वतः पोलीस ठाण्यात जाईन.

बहीण : जावंच लागेल. कलम १९ प्रमाणे ज्याला असा गुन्हा झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी धास्ती वाटली, त्याने कळवायलाच हवं. मुख्याध्यापक असो, शेजारी असो, आजी असो. न कळवणं हाही कलम २१ खाली गुन्हा आहे. आणि लोकांना वाटतं तसं मुलीला ठाण्यात बाकावर बसवत नाहीत. तिचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. आधी काय करावं सुचत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहेच.

इथे मला मध्येच बोलायचं आहे. या भागातल्या घरांना ‘पोलीस’ या शब्दाची भीती आहे ती उगीच नाही. १९९४ साली जळगावात फोटोंच्या धाकावर मुलींना छळल्याचं जे प्रकरण उघडकीला आलं, त्यात ज्यांच्यावर बेतलं होतं त्यांच्यातल्या फार थोड्या जणींनी तोंड उघडलं. ज्यांनी गप्प राहणं पत्करलं त्यांना आपण त्या वेळी काय दिलं होतं? बोलणारीचंच नाव गावभर होणार, एवढीच खात्री. आज मुलाची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे. पण नातेवाइकांच्या ग्रुपवर ती बंदी कुणी पाळत नाही, आणि या मुलीच्या आईच्या हातूनही तेच होता होता राहिलं. तिने त्या व्हिडिओंपैकी दोन ‘पुरावा म्हणून’ मुलीच्या मावशीला आणि मामाला पाठवायला काढले होते.

बहीण : मी तिला फोनवरच थांबवलं. काही पाठवायचं नाही, काही पुसायचं नाही, फोन बंद करून कपाटात ठेव म्हटलं. अशा गोष्टी पुढे पाठवणं हा स्वतःच माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. त्यात लहान मुलाचं चित्रण असेल तर नुसतं जवळ ठेवणंही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्वच्छ सांगितलं आहे. पुराव्यासाठी मूळ फोन लागतो आणि त्यातली प्रत दिली तर तिच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र. मामाच्या मोबाइलवर आलेली क्लिप कुणालाच कामाची नाही.

भाऊ : आणि पोरीला विचारलं किती वेळा?

बहीण : आईने, आजीने, मावशीने, मामाने.

भाऊ : माझं मुख्य म्हणणं इथेच आहे. चार मोठ्या माणसांनी चार वेळा विचारलं, आणि प्रत्येक वेळी तिने थोडं वेगळं सांगितलं असणार. अकरा वर्षांचं मूल समोरच्याचा चेहरा वाचून उत्तर देतं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं की उत्तर मोठं होतं. वर्गात तीस-पस्तीस वर्षं हेच पाहिलंय मी. आता तुझा अर्ज मंजूर झाला, भेटी थांबल्या, तर पोर काय शिकेल? मी सांगितलं म्हणून पप्पा गेले. पुढच्या वेळी खरंच काही झालं तर ती कुणालाही काही सांगणार नाही.

बहीण : आणि अर्ज केलाच नाही तर ती शिकेल की सांगून काही होत नाही. त्याने तर तोंड जास्तच बंद होतं.

दोघंही खरं बोलत होती, आणि बराच वेळ हे असंच चाललं. बहिणीने सांगितलं की हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ प्रमाणे मुलांबाबतचा आदेश कधीही बदलून मागता येतो, त्यामुळे भेटी थांबल्या तरी त्या कायमच्या नसतात. भाऊ म्हणाला, तुमच्या तारखांच्या हिशेबाने ‘तूर्त’ म्हणजे मूल सातवीतून नववीत. हे तिला खोडता आलं नाही. मग तिने जे सांगितलं त्याने बोलण्याची दिशाच फिरली.

बहीण : दादा, खरं सांगू? त्या व्हिडिओंनी पोर तितकी हललेली नाही. तिने एक पाहिला, ‘शी’ म्हणून बंद केला, आईला स्वतः सांगितलं. ती जेवेनाशी झाली आहे ती वेगळ्याच कारणाने. धुळ्याच्या घरी कपाटावर दाव्याची फाइल होती. काकाने का आत्याने, कोणी ते नक्की नाही, तिला म्हटलं, वाच, तुझी आई काय आहे ते कळेल. तिने सगळं वाचलं. घरी येऊन आईला विचारलं, ‘अनैतिक संबंध म्हणजे काय? आणि मी पप्पांचीच आहे ना?’

भाऊ काही वेळ बोललाच नाही. मग त्याने विचारलं, ‘हे तुझ्या अर्जात आहे?’

बहीण : सातव्या परिच्छेदात.

भाऊ : सातव्या? व्हिडिओ पहिल्यात, आणि हे सातव्यात?

बहीण : न्यायालयाला व्हिडिओ लगेच समजतो.

भाऊ : मग न्यायालयाला हे समजावून देणं तुझं काम आहे. तो व्हिडिओ परक्या माणसांचा होता. ही फाइल तिच्या आईची आहे. सगळा वेळ मी तुला अर्ज करू नको म्हणत होतो. यासाठी मात्र कर. आणि मला एक सांग, ही भाषा लिहिली कोणी? बापाने? त्याला धड दोन ओळी लिहिता येत नाहीत. तुमच्याच कुणीतरी वकिलाने लिहिली.

बहीण : लिहावं लागतं. क्रूरता म्हटलं की तारीख, घटना, शब्द द्यावे लागतात, मोघम आरोप टिकत नाही. पण तुझं म्हणणं मी झटकत नाही. पुष्कळदा गरज नसताना लिहिलं जातं, समोरच्याला घायाळ करायला. आणि ज्यासाठी लिहितात ते मिळतही नाही. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नऊ वर्षांच्या मुलीचा ताबा आईकडेच ठेवला. व्यभिचार हा घटस्फोटाचा आधार होऊ शकतो, ताबा नाकारण्याचा नाही, असं त्यात म्हटलं आहे. पुण्याच्या एका जोडप्याच्या दाव्यात नवऱ्याला मुलाची डीएनए चाचणी हवी होती. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं, आईबापांच्या भांडणात मुलाच्या जन्मावर असा प्रश्न उभा करता येत नाही म्हणून.

भाऊ : हे त्या बापाला कोणी सांगितलं का?

बहीण : त्याच्या वकिलाने सांगायला हवं होतं.

मला या फाइलीबद्दल कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण मोबाइलवर सगळे बोलतात आणि फाइलीवर कोणी बोलत नाही. घटस्फोटाच्या दाव्याचं काम बंद दाराआड चालतं. हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ सांगतं की ही कार्यवाही इन कॅमेरा व्हावी आणि त्यातला मजकूर छापू नये. म्हणजे कायद्याने रस्त्यावरच्या परक्या माणसापासून जे झाकलं तेच घरातल्या कपाटावर मुलाच्या हाताला येईल असं पडलेलं असतं. आणि हे फक्त वडीलच करतात असं नाही. आईसुद्धा रात्री मुलीला जवळ बसवून ‘बघ तुझा बाप मला काय लिहितो’ म्हणत मेसेज वाचून दाखवते. तिला त्या क्षणी दुसरं माणूस नसतं, मुलगीच मैत्रीण वाटते. तिचं एकटेपण मला दिसतं, तरीही तो मजकूर मुलीच्या वयाचा नाही. मुलाला अश्लील काही दाखवणं आणि मुलाला आईबापांच्या भांडणाचे कागद वाचायला लावणं, या दोन्हींत मोठ्या माणसाचं ओझं मुलाच्या डोक्यावर टाकलेलं आहे. पहिल्याला कायद्यात कलम आहे, दुसऱ्याला नीटसं नाही, म्हणून दुसरं लहान ठरत नाही.

यात अलीकडे आणखी एक भर पडली आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नवरा-बायकोच्या दाव्यात चोरून केलेलं संभाषणाचं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून घेता येईल. त्या निकालाची बाजू आपल्या जागी असेल. पण त्याची बातमी वाचून लोक काय करू लागतात ते बहिणीने सांगितलं. मुलाच्या हातात फोन देऊन ‘तिकडे गेलास की चालू कर’ असं शिकवणारे आईबाप तिच्याकडे येतात. तिच्या मते ते रेकॉर्डिंग कामाला आलं तरी मूल कामातून जातं.

भाऊ : आता मला आणखी एक सांगायचंय, तू रागावशील. आईच्या तक्रारींच्या यादीत तेरा गोष्टी आहेत. त्यात दाक्षिणात्य सिनेमातली मारामारी आहे, लग्नात डीजेवर नाचली ते आहे, चुलत भावांबरोबर रात्री अकरापर्यंत टीव्ही पाहिला ते आहे. बाप एकत्र कुटुंबात राहतो, टीव्ही एकच, त्याच खोलीत सगळे झोपतात. हे सगळं ‘अयोग्य’ म्हणून न्यायालयात नेणार?

बहीण : नाही. ते मी काढून टाकलं आहे. दोन घरांच्या राहणीत फरक असणारच, आणि न्यायाधीश काही आवडीनिवडी ठरवायला बसलेले नाहीत. पण मोजायला माप आहे. सिनेमाच्या प्रमाणपत्रावर आता ७, १३ आणि १६ असे वयाचे टप्पे येतात, ओटीटीवरही २०२१ च्या नियमांनी तेच टप्पे आहेत, आणि तेरा आणि त्यावरच्या टप्प्यांतल्या गोष्टींना पालकांचं कुलूप लावायची सोय द्यावीच लागते. फक्त प्रौढांसाठी म्हणून ठेवलेली वेब सिरीज तो तिला शेजारी घेऊन पाहत असेल, तर ‘आमच्या घरात असंच असतं’ हे उत्तर मी मानणार नाही.

भाऊ : मीही नाही मानणार. पण त्याला ते कुलूप लावता येतं का, हे कोणी विचारलं? त्याला येत नाही. मी परवा जाऊन लावून दिलं.

बहीण : तू गेला होतास? आणि मला आत्ता सांगतोस?

भाऊ : गेलो होतो. मुलांची वेगळी प्रोफाइल केली, ग्रुपचं आपोआप डाउनलोड बंद केलं. पंधरा मिनिटांचं काम. कपाटावरची फाइल उचल म्हटलं, पोरीने ती वाचली हे तेव्हा ठाऊक नव्हतं, पण त्याने ती माझ्यासमोर उचलली नाही. त्याच्या आईने उचलली. ती म्हातारी मला म्हणाली, ‘पोरेसना काय दोस शे?’ त्या घरात एवढं एकच माणूस मला शहाणं दिसलं.

बहिणीला हे आवडलं नाही. समोरच्या पक्षाच्या घरी जाणं, दावा चालू असताना, तिला धोक्याचं वाटलं, आणि वकील म्हणून तिचं बरोबर आहे. पण तिने अर्ज बदलला. सातवा परिच्छेद पहिला झाला. भेटी थांबवण्याची मागणी गेली आणि तिच्या जागी अटी आल्या. न्यायाधीशांनी मुलीला चेंबरमध्ये एकटीला भेटावं, पण तिला ‘कोण हवं’ असं विचारू नये, ही विनंती आली. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मध्यस्थी केंद्रात दोन्ही पक्ष बसले तर याच अटींची पुरशिस, म्हणजे न्यायालयाला द्यायचं लेखी निवेदन, सादर करायची तयारीही ठेवली. तिथे पैसे लागत नाहीत, हे पुष्कळ घरांना ठाऊक नसतं.

अटींचा मजकूर साधा आहे. दाव्याचा एकही कागद मुलगी ज्या घरात राहते वा जाते त्या घरात ठेवायचा नाही, दोन्ही प्रती वकिलांकडे. मुलीच्या हाती जो फोन असेल त्यात फक्त तिचंच खातं. दोन्ही घरांत पाहण्याच्या गोष्टींना तेराचं कुलूप. मुलीकडून रेकॉर्डिंग करून घ्यायचं नाही, निरोप पाठवायचे नाहीत, एकमेकांबद्दल तिच्यादेखत बोलायचं नाही, आणि हे काका, मामा, आत्या, आजीलाही लागू. पुन्हा काही आढळलं तर आधी दुसऱ्या पालकाला चोवीस तासांत लेखी कळवायचं. लैंगिक हेतूची शंका असेल तिथे मात्र हे लागू नाही, तिथे थेट पोलीस.

भाऊ : गावच्या बैठकीत फारकत होते तेव्हा स्टँप पेपरवर दागिने लिहितात, भांडी लिहितात, लग्नाचा खर्च लिहितात. पोराबद्दल एकच ओळ असते, ‘मूल आईकडे राहील’. ही यादी त्या बैठकांत पोचली पाहिजे. कोर्टात येणाऱ्यांपेक्षा बैठकीत सुटणारे जास्त आहेत आपल्याकडे.

बहीण : दे ना मग. तुझं ऐकतात लोक.

भाऊ : देईन. पण तुझी आणखी एक अट मला पटत नाही. ‘परत आल्यावर आई फोन तपासेल.’ पारोळ्याच्या स्टँडवर, बापासमोर?

बहीण : स्टँडवर नाही, घरी.

भाऊ : घरी तरी का? साने गुरुजी अमळनेरला छात्रालय सांभाळायचे. पोरांच्या खोल्या स्वतः आवरून ठेवायचे, पण झडती घ्यायला म्हणून नाही. जो जवळ असतो त्याला झडती घ्यावी लागत नाही.

बहीण : गुरुजींच्या पोरांच्या खिशात मोबाइल नव्हता, दादा. ती अकरा वर्षांची आहे. तपासणार, आणि तिला आधी सांगून तपासणार. ती सोळाची झाली की ही अट काढू.

भाऊ : मग तिच्या बापानेही तपासावा. तिच्यासमोर, दोन्हीकडे सारखंच.

बहीण : ते चालेल का, आईला विचारावं लागेल.

आईने अजून होकार दिलेला नाही. वडिलांच्या वकिलाला मसुदा पाठवला आहे. पुढचा शनिवार भेटीचा आहे, आणि त्या दिवशी पारोळ्याला मुलीबरोबर जायचं भावाने कबूल केलं आहे.